कधी लागते, कधी नाही

पाचव्यांदा झालं तेव्हा मी पिंगळीच्या तळ्याजवळ होते.
किल्ली फिरवली तर
टक् नाही, खर्र नाही, काहीच नाही.
दिवे लख्ख. हॉर्न असा की शेळ्या पांगल्या.
म्हणजे बॅटरीत जीव आहे;
असायलाच हवा, मागच्या महिन्यात पाच हजार आठशे मोजलेत.
आमचा ड्रेसर मन्सूर बॉनेट थोपटत राहिला,
अडलेल्या म्हशीला थोपटावं तसा.
मग लागली. का लागली, तिलाच माहीत.

साताऱ्याला गॅरेजात नेली की मात्र
शहाण्यासारखी वागते.
दहा वेळा किल्ली, दहा वेळा सुरू.
शर्टावर हर्षद असं नाव शिवलेला मुलगा
मला एसीत बसवून कॉफी देतो, म्हणतो,
रिले बदललाच आहे, आता स्टार्टर बदलू,
तरी नाही गेलं तर ईसीएम.
अडतीस हजार, मजुरी वेगळी.
"खात्री आहे?"
"मॅडम, इलेक्ट्रिकलचं काही सांगता येत नाही."

हे वाक्य मी ओळखते.
माझंच आहे.

वरकुट्याच्या बिरा काळेलची गाय
एक दिवस खायची, एक दिवस नाही.
ताप बघितला, डोळे बघितले, पोटाला कान लावला,
आणि कळत नाही असं म्हणायच्या ऐवजी
तीन बाटल्या लिहून दिल्या. भारीतल्या.
बिरानं एक बोकड विकला.
गाय पुढं खायला लागली;
बाटल्यांमुळे की नुसतं बाटल्यांनंतर,
मी विचारलेलं नाही.

लसीकरणाच्या वहीच्या मागच्या पानावर
मग गाडीचा केसपेपर काढला.
तारीख, गाव, ऊन किती, किती किलोमीटर धावून थांबलेली,
उतार की सपाटी, शेजारी कोण.
अकरा नोंदी.
उन्हाचा संबंध नाही. पेट्रोलचा नाही.
मन्सूरनं अमावस्या धरली होती, तीही सुटली.
शेवटच्या रकान्यात सहज लिहीत गेले होते:
पायात काय.
गमबूट. गमबूट. चप्पल, लागली. गमबूट.
रविवारी बाजाराला गेले ते सगळे दिवस बिनतक्रार.

क्लच तळाला टेकल्याशिवाय हिला सेल्फ लागत नाही
हे गाडीच्या पुस्तकात लिहिलेलं आहे,
पुस्तक डिकीत, पुस्तकावर सलाईनचा खोका.

काल बिदालला ती पुन्हा गप्प झाली तेव्हा
मी बॉनेट उघडलं नाही.
खाली वाकले, आणि पोटातल्या वासराचा पाय चाचपावा तसा
पेडलखाली हात घातला.
रबरी चटई.
शेणाच्या बुटांनी रेटत रेटत पुढं गेलेली,
क्लचखाली दुमडून बसलेली, दोन बोटं जाड.
मागं ओढली. किल्ली फिरवली.
मन्सूर म्हणाला, "आयला."

आणि गॅरेजात का लागायची, तेही तिथंच उमगलं.
शेणाचा वास नको म्हणून
पोरं आधी चटई काढून बाहेर टाकायची, मग तपासायची.
दुखणं बाहेर उन्हात वाळत पडलेलं,
आत मशीन लावून शोध चालू.

हर्षदला फोन केला. पोरगा वाईट नाही, मनापासून हसला.
"तरी मॅडम, एकदा स्कॅन करून घेतलेलं बरं."
खुरं तासायच्या चाकूनं मी चटईचा कोपरा कापला.
वाचलेले अडतीस हजार माझ्याकडे कधी नव्हतेच,
त्यामुळे आनंद कुठल्या खात्यावर मांडावा, कळेना.

दहिवडीत शिरायच्या आधी गाडी कडेला घेतली.
वरकुटं इथून लांब. जाऊन तरी बिराला काय विचारणार?
गाय नेमकी कोणत्या दिवशी खात नव्हती?
त्या दिवशी वैरण कुणी टाकली, पाणी कुठलं पाजलं?
तेव्हा विचारायचे प्रश्न हे, फुकटातले.

बराच वेळ तशीच बसले.
इंजिन मात्र बंद केलं नाही,
सवयीनं.